ऑर्किडची पाने का गळतात? उपाय करण्यापूर्वी मुळे पाहा

घरातल्या ऑर्किडचे एखादे पान पिवळे पडून गळले की बहुतेक ठिकाणी पहिला उपाय होतो तो पाणी वाढवण्याचा, आणि तेवढ्याने भागले नाही तर दुसरा उपाय होतो खत घालण्याचा. हे दोन्ही उपाय प्रेमापोटीच केले जातात. परंतु पाने गळण्याचे सर्वांत नेहमीचे कारण मुळे कुजणे हे असते, आणि कुजलेल्या मुळांना वाढीव पाणी व खत दिल्याने नुकसान आणखी वेगाने होते. पान हा या झाडाचा फार उशिरा बोलणारा अवयव आहे. जे बिघडले ते कुंडीच्या आत कित्येक आठवड्यांपूर्वीच बिघडलेले असते आणि पानावर ते आता दिसू लागलेले असते. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे एवढेच आहे की, मुळे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ऑर्किडवर कोणताही उपाय सुरू करू नये.

इंदूरच्या रोपवाटिकांतून किंवा फुलांच्या दुकानांतून जे ऑर्किड घरी येते ते बहुधा फॅलेनॉप्सिस असते: रुंद, जाड, जमिनीलगतची पाने आणि वर कमानीसारखा वाकलेला फुलांचा दांडा. फॅलेनॉप्सिसचे रानटी पूर्वज आग्नेय आशियातल्या दमट जंगलांत झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढतात. असे झाड पाहायला तितके दूर जाण्याचीही गरज नाही, कारण व्हँडा टेसेलाटा ही आमरी, म्हणजे ऑर्किडच, आपल्या मध्य प्रदेशातल्या जंगलांत आंब्या-मोहाच्या फांद्यांना बिलगून वाढताना आढळते. आमरी बांडगुळाप्रमाणे यजमान झाडाचा रस शोषत नाही; तिला त्या झाडाकडून केवळ आधार हवा असतो. तिची मुळे उघड्यावर असतात, पावसाच्या सरीने चिंब भिजतात आणि वाऱ्याने काही तासांत पुन्हा सुकतात. या मुळांभोवती मृत पेशींचे एक सच्छिद्र आवरण असते, त्याला वेलामेन म्हणतात. हे आवरण पाणी झटकन शोषून घेते व हळूहळू आतल्या जिवंत भागाला देते. कोरडे असताना त्यात हवा भरलेली असल्यामुळे मूळ चंदेरी-पांढरे दिसते; भिजल्यावर आवरण पारदर्शक होऊन आतले हरितद्रव्य दिसू लागते आणि मूळ हिरवे होते. भिजणे आणि सुकणे या दोन्ही गोष्टी या मुळांना सारख्याच आवश्यक आहेत. सतत ओल्या, हवा न खेळणाऱ्या कुंडीत त्यांना प्राणवायू मिळत नाही. मुळाच्या पेशी आधी गुदमरून मरतात आणि त्यानंतर बुरशी व जिवाणू त्या मेलेल्या भागात शिरतात.

प्रत्येक पान गळणे मात्र आजार नसते. फॅलेनॉप्सिस एकाच शेंड्यातून वर वाढत जाते, त्यामुळे सर्वांत खालचे जुने पान केव्हातरी पिवळे पडून गळणारच. निरोगी झाडाला वर्षभरात साधारण दोन ते चार नवी पाने येतात आणि एखाद-दुसरे जुने जाते. पानांचा हा जमाखर्च एका वहीत किंवा मोबाइलमध्ये मांडून ठेवावा: दर महिन्याला एकाच कोनातून एक छायाचित्र घेतले तरी पुरे. जमेपेक्षा खर्च जास्त दिसू लागला, एकाच वेळी दोन-तीन पाने पिवळी पडली, किंवा मधले अथवा वरचे पान गेले, तर काळजी करावी. याहूनही आधी मिळणारी सूचना म्हणजे नव्या पानाचा आकार. नवे पान पूर्ण वाढल्यावरही आधीच्या पानापेक्षा लहान राहिले असेल, तर एकही पान गळलेले नसतानाच मुळांची तपासणी करावी. नुकतेच विकत आणलेले झाड पहिल्या एक-दोन महिन्यांत खालचे एखादे पान किंवा काही कळ्या टाकते, कारण पॉलिहाउसमधल्या नियंत्रित हवेतून ते आपल्या घरच्या हवेत आलेले असते. तेवढ्यावरून घाबरून जाऊन लगेच कुंडी बदलू नये.

सर्वाधिक घोळ होतो तो लोंबलेल्या, सुरकुतलेल्या पानांमुळे. पान मऊ पडून त्यावर उभ्या सुरकुत्या आल्या म्हणजे पानापर्यंत पाणी पोहोचत नाही, एवढे निश्चित. परंतु पाणी दिलेच गेले नाही म्हणून ते पोहोचत नाही, की दिलेले पाणी ओढून घेणारी मुळेच उरलेली नाहीत म्हणून, हे पानाकडे पाहून सांगता येत नाही. दोन्ही परिस्थितींत पान तंतोतंत सारखेच दिसते. याचा निकाल मुळेच देतात. कुंडी पारदर्शक प्लॅस्टिकची असेल तर बाहेरूनच पाहावे. तशी नसेल तर कुंडी बाजूंनी हलकेच दाबून झाड बाहेर काढावे. फुले नसताना असे केल्याने झाडाला इजा होत नाही. मुळे चंदेरी, टणक आणि भरीव असतील, पण कुंडीत मातीऐवजी भरलेली झाडाची साल पार कोरडी आणि वजनाला हलकी असेल, तर झाड तहानलेले आहे. मुळे तपकिरी, बुळबुळीत असतील, चिमटीत धरून ओढल्यावर वरचे आवरण मोज्यासारखे निघून हातात नुसता दोरा राहत असेल आणि कुबट वास येत असेल, तर ती कुजलेली आहेत. केवळ रंगावरून निर्णय करू नये, कारण प्रकाश न मिळालेली आतली मुळे पिवळसर किंवा तपकिरी दिसूनही निरोगी असू शकतात. बोटांनी दाबून पाहणे हीच खरी परीक्षा.

भेट म्हणून आलेल्या झाडांत एक अडचण दडलेली असते. रोपवाटिकेत लहान रोप स्फॅग्नम मॉसच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळाच्या, घट्ट गोळ्यात वाढवतात आणि नंतर तो गोळा तसाच ठेवून भोवती साल भरतात. वरची साल दोन दिवसांत खडखडीत वाळते, आपण पुन्हा पाणी घालतो, आणि मधला गोळा महिनोन्‌महिने ओलाच राहतो. कूज सुरू होते ती याच ठिकाणी. त्यातून कुंडीबाहेर आणखी एक शोभेची, तळाला छिद्र नसलेली चिनी मातीची कुंडी असते आणि तिच्या तळाशी साचलेले पाणी कोणाच्या लक्षात येत नाही. शोभेची कुंडी ठेवावी, परंतु पाणी दिल्यानंतर पंधरा मिनिटांनी ती रिकामी करावी. माळव्याची काळी माती कपाशीला आणि गव्हाला उत्तम असली, तरी ती पाणी धरून ठेवते आणि भिजल्यावर तिच्यात हवेला जागा राहत नाही, म्हणून ऑर्किडच्या कुंडीत तिची चिमूटही नको. गांडूळखत आणि शेणखत यांचेही तसेच.

पाणी किती दिवसांनी द्यावे, या प्रश्नाला एका आकड्यात उत्तर देता येत नाही. पाणी दिल्यानंतर कुंडी उचलून तिचे वजन हाताला लक्षात ठेवावे. ती स्पष्टपणे हलकी लागू लागली आणि दिसणारी मुळे चंदेरी झाली की पाणी द्यावे. शंका असल्यास लाकडी काडी सालीत खोल खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती ओलसर लागली तर थांबावे. सालीच्या मिश्रणातल्या झाडाला इंदुरात मे महिन्यात दर दोन-तीन दिवसांनी पाणी लागेल, डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा दिवस लागणार नाही, आणि श्रावणातल्या झडीत तर कुंडी सुकण्याची वाटच पाहावी लागेल. पाणी देताना ते सकाळी आणि भरपूर द्यावे, खालून वाहून जाईपर्यंत द्यावे. रोज चमचा-चमचा शिंपडल्याने वरचा थर ओला आणि आतली मुळे कोरडी अशी विचित्र अवस्था होते. आपल्याकडे नळाचे पाणी बहुधा गच्चीवरच्या टाकीतून येते, ही बाबही विसरू नये. मे महिन्यातल्या दुपारी ते पाणी चटका देण्याइतके तापलेले असते आणि जानेवारीतल्या पहाटे ते बर्फासारखे गार असते. थंड पाणी पानांवर पडले तर पानाच्या आतल्या पेशी कोलमडतात आणि खोलगट, पुढे काळपट होणारे डाग पडतात. हे डाग अनेकदा काही आठवड्यांनी दिसतात, त्यामुळे ते रोगाचे समजून विनाकारण औषधे फवारली जातात. पाणी बादलीत काढून खोलीच्या तापमानाला येऊ देणे एवढे केले तरी ही अडचण राहत नाही.

पाण्याचा दर्जाही तितकाच महत्त्वाचा आहे. इंदुरात बऱ्याच घरांना नर्मदेचे पाणी मिळते आणि त्याच्या जोडीला बोअरिंगचे वापरले जाते. बोअरिंगचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. बादलीच्या काठावर आणि नळाच्या तोटीवर जो पांढरा थर जमतो, तोच थर ऑर्किडच्या सालीवर आणि मुळांवरही जमत असतो. परिणामी मुळांची वाढती हिरवी टोके काळी पडून थांबतात, पानांची टोके करपतात आणि झाड वर्षानुवर्षे आहे तेवढेच राहते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचे लहान यंत्र घरी असल्यास पाहावे: आकडा 200 च्या आत असेल तर चिंता नाही, 500 च्या पुढे असेल तर ते पाणी ऑर्किडला देऊ नये. आरओचे शुद्ध पाणी चालते, मात्र त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम जवळजवळ नसते, म्हणून ही दोन्ही द्रव्ये असलेले खत निवडावे. आरओच्या बाहेर टाकल्या जाणाऱ्या नळीतले पाणी मात्र अजिबात वापरू नये, कारण काढून टाकलेले सगळे क्षार त्यातच एकवटलेले असतात. गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी सर्वांत उत्तम. पहिल्या एक-दोन सरी सोडून पुढचे पाणी झाकलेल्या पिंपात धरून ठेवावे.

उजेडाचे गणित त्या मानाने सोपे आहे. फॅलेनॉप्सिसला सुमारे 10,000 ते 15,000 लक्स उजेड पुरतो आणि तो मोबाइलवरच्या साध्या ॲपने अंदाजे मोजता येतो. ॲप नसेल तर दुपारी पानाच्या वीतभर उंचीवर हात धरावा: सावली कडा पुसट असलेली पण दिसणारी पडली तर उजेड योग्य, सावलीच पडली नाही तर कमी, आणि रेखीव गडद पडली तर जास्त. जुन्या वाड्यांच्या आतल्या खोल्यांत ठेवलेल्या झाडांची पाने गर्द हिरवी, लांब आणि लुळी होतात. ती पाहायला सुंदर वाटतात, पण झाड उपाशी असते आणि त्याला फुले येत नाहीत. याउलट नव्या फ्लॅटच्या पश्चिमेच्या खिडकीत एप्रिलच्या एका दुपारीही पान भाजू शकते. भाजलेला डाग आधी पांढुरका, मग तपकिरी आणि कोरडा होतो, उन्हाच्या बाजूलाच पडतो आणि पसरत नाही, हीच त्याची ओळख. पूर्वेची खिडकी किंवा पातळ पांढऱ्या पडद्यामागची दक्षिणेची खिडकी ही या झाडाची योग्य जागा.

आता उन्हाळ्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे, कारण पुस्तकांतला ऑर्किडविषयीचा सल्ला बहुधा दमट प्रदेशांसाठी लिहिलेला असतो आणि माळव्यातला मे महिना त्याला बसत नाही. तापमान 40 अंशांच्या पुढे जाते, दुपारची आर्द्रता 20 टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली घसरते, आणि ऑर्किडला 50 ते 70 टक्के हवी असते. अशा हवेत मुळांची टोके सुकून वाढ थांबते, नवे पान अर्धवट उघडून अडकते आणि कळ्या उमलण्यापूर्वीच वाळतात. येथे आपला कूलर फार उपयोगी पडतो. पाण्यावरून येणारी त्याची हवा खोलीतली आर्द्रता निश्चित वाढवते; झाड त्या खोलीत ठेवावे, पण थेट झोतात ठेवू नये. एसीची हवा मात्र उलट कोरडी असते. खड्यांनी भरलेल्या ताटात पाणी घालून त्यावर कुंडी ठेवणे आणि चार-सहा झाडे जवळजवळ ठेवणे, यांनीही थोडा फरक पडतो. फॅलेनॉप्सिस पाण्याची बचत करण्यासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रे मुख्यतः रात्री उघडते आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड रात्रीच घेऊन ठेवते, जेणेकरून दिवसा छिद्रे मिटून घेऊनही अन्न तयार करता यावे. म्हणून रात्र थोडी गार असणे झाडाच्या वाढीला लाभदायक असते. समुद्रसपाटीपासून सुमारे 550 मीटर उंचीवरच्या इंदुरात उन्हाळ्यातही मध्यरात्रीनंतर हवा बरीच निवते. संध्याकाळनंतर खिडक्या उघडून ही हवा झाडापर्यंत येऊ द्यावी, आणि सकाळी नऊच्या आत त्या पुन्हा बंद कराव्यात. याच दिवसांत घरोघरी आंब्याची अढी घातलेली असते. पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूमुळे कळ्या व फुले गळतात, तेव्हा अढीच्या खोलीत ऑर्किड नको.

पावसाळ्यात संकटाचे स्वरूप पूर्ण बदलते, आणि माझ्या मते घरगुती ऑर्किडसाठी सर्वांत धोक्याचा काळ हाच आहे, कारण उन्हाळ्यात झाड महिनोन्‌महिने झुरत जाते, तर पावसाळ्यातल्या कुजीने ते चार दिवसांत जाते. फॅलेनॉप्सिसच्या मधल्या पोंग्यात, म्हणजे जिथून नवे पान फुटते त्या खोबणीत, पाणी साचले आणि रात्रभर राहिले की तेथून कूज सुरू होते. मधले कोवळे पान बुडाशी काळे पडते आणि हलके ओढताच हातात येते. रानात ही झाडे फांदीवरून तिरकी लटकलेली असल्याने पोंग्यातले पाणी आपोआप निथळते, कुंडीत आपण त्यांना सरळ उभे करतो. म्हणून पोंग्यात पाणी दिसले तर कापसाच्या बोळ्याने ते लगेच टिपून घ्यावे, किंवा कुंडी बदलताना झाड मुद्दाम थोडे तिरके लावावे. पानावर पाणी भरल्यासारखा, कडेने पिवळा, दिवसागणिक वाढणारा मऊ डाग दिसला तर तो जिवाणूंचा समजावा. डागाच्या पलीकडचे दोन सेंटिमीटर निरोगी पान धरून ज्योतीवर तापवलेल्या पात्याने तो भाग कापून टाकावा, झाड इतरांपासून वेगळे करावे, पाने कोरडी ठेवावीत आणि खोलीतला पंखा मंद गतीने चालू ठेवावा. साधे बुरशीनाशक जिवाणूंवर काम करत नाही, हे ध्यानात ठेवावे. पाने पिवळी न पडता हिरवीच्या हिरवी, बुडाशी काळी होऊन गळू लागली, तर खोडाचा बुंधाच कुजत आहे; तेव्हा ताबडतोब झाड कुंडीतून काढून कुजलेला भाग स्वच्छ, पांढरट पेशी दिसेपर्यंत कापावा आणि दुकानात मिळणारे बुरशीनाशक वेष्टनावरच्या प्रमाणात हातमोजे घालून लावावे. दालचिनीची पूड पानाच्या कापावर चालते, मुळांवर मात्र टाकू नये, कारण ती मुळांना शुष्क करते.

हिवाळ्यात रात्रीचे तापमान 10 अंशांच्या आसपास गेले की झाडाची वाढ थांबते. हे आजाराचे लक्षण नाही. पाणी कमी करावे, खत बंद ठेवावे आणि कुंडी काचेपासून दूर घ्यावी. दिवाळीनंतरच्या सुखद गारव्यातच फॅलेनॉप्सिसला फुलांचा दांडा फुटतो, तेव्हा त्या आठवड्यांत झाडाला खोलीच्या उबेत कोंडून ठेवू नये.

किडींबाबत थोडक्यात सांगायचे तर पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, तपकिरी चिकटलेल्या टिकल्या म्हणजे खवले कीड, आणि उन्हाळ्यात पानाच्या खालच्या बाजूला चंदेरी खरखरीत छटा म्हणजे लाल कोळी. पहिल्या दोन किडी स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसून काढाव्यात आणि आठवड्याने पुन्हा पाहाव्यात, कारण अंड्यांतून पिल्ले नंतर निघतात. कोळ्यासाठी पानांची खालची बाजू ओल्या फडक्याने वारंवार पुसणे प्रभावी ठरते. पानांवर किंवा फुलांवर विचित्र पट्टे व वलये कायम दिसत असतील तर विषाणूची शक्यता असते. त्यावर औषध नाही, आणि एकाच कात्रीने ते सगळ्या झाडांत पसरतात.

खत हा उपायांतला शेवटचा टप्पा समजावा. टणक मुळे आणि हिरवी वाढती टोके दिसत असतील तरच ते द्यावे, 20-20-20 सारखे (नत्र, स्फुरद व पालाश समप्रमाणात असलेले) विद्राव्य खत लिटरला अर्धा ग्रॅम, दर दहा-पंधरा दिवसांनी, आणि तेही ओल्या मुळांवर. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने कुंडी धुऊन काढावी. वर्षानुवर्षे खत न मिळालेले झाडही खालची पाने पिवळी करते, कारण नत्र जुन्या पानांतून काढून ते नव्या पानांना देते. परंतु अशा झाडाची मुळे चांगली असतात, आणि निदान करताना हाच फरक पाहायचा असतो.

मुळे कुजलेली आढळली तर जुने सगळे मिश्रण टाकून द्यावे, मऊ मुळे निर्जंतुक कात्रीने कापावीत आणि उरलेल्या मुळांना जेमतेम मावेल अशा लहान कुंडीत झाड लावावे. मोठ्या कुंडीत झाड लवकर वाढेल ही समजूत चुकीची आहे. तेथे ओल जास्त काळ राहते. पाइनची साल, लाकडी कोळशाचे तुकडे आणि दोन-तीनदा पाणी बदलून क्षार काढलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे, हे मिश्रण इंदूरच्या हवेला मानवते. साल दीड-दोन वर्षांत कुजून बारीक होते, तेव्हा आजार नसतानाही ती फेब्रुवारीअखेर किंवा जूनच्या पहिल्या पावसानंतर बदलावी. एकही मूळ शिल्लक नसेल तर घट्ट पिळलेल्या, जेमतेम ओलसर मॉसवर झाड टेकवून मोठ्या पारदर्शक पिशवीत सावलीत ठेवावे आणि एक दिवसाआड पिशवी उघडून हवा द्यावी. नवी मुळे फुटायला दोन ते तीन महिने लागू शकतात. या काळात खत द्यायचे नाही, जागा बदलायची नाही, आणि सुरकुतलेली पाने पुन्हा ताठ होण्याची अपेक्षाही धरायची नाही, कारण जुन्या पानांवरच्या सुरकुत्या बहुधा राहतातच. सुधारणा मोजायची ती नव्या मुळाच्या टोकावरून आणि पुढच्या पानाच्या लांबीवरून.

वरचे सगळे विवेचन फॅलेनॉप्सिसला धरून आहे. डेंड्रोबियमची गोष्ट थोडी निराळी: त्याच्या उसासारख्या कांड्यांपैकी जुन्या कांड्यांची पाने गळणे नैसर्गिक असते, आणि नोबिले जातीची पाने तर हिवाळ्यात बरीच झडतात व पुढे त्याच उघड्या कांड्यांवर फुले येतात, म्हणून टणक, हिरवट कांडी वाळली असे समजून कापू नये. फॅलेनॉप्सिस मात्र मरणपंथाला लागलेले असतानाही पुष्कळदा फुलांचा दांडा काढते. मुळे थोडी असतील आणि पाने तीनपेक्षा कमी राहिली असतील, तर मनाला कितीही जड गेले तरी तो दांडा बुडाशी कापून फुलदाणीत ठेवावा, म्हणजे झाडाजवळ उरलेले अन्न मुळांसाठी शिल्लक राहील.